हरणं, रोही अन् आपली झाडं: कुंपण कशाला घालायचं अन् कसलं घालायचं

मार्च सरत आला की मराठवाड्यात हिरवं म्हणून जे उरतं ते ठिबकवरचंच असतं. हरभरा निघालेला, ज्वारी काढून कडब्याच्या गंजी लागलेल्या, तुरीच्या तुराट्या सरपणात गेलेल्या आणि माळ नुसता तांबडा. अशात तुम्ही आखाड्यापाशी चार मोसंबीची, दोन केशर आंब्याची, एखादं शेवग्याचं, गुलाब-जास्वंदीची झाडं लावलेली असतील आणि त्यांना दिवसाआड पाणी चालू असेल, तर आजूबाजूच्या सगळ्या रानात कोवळं खाणं म्हणजे तेवढंच. मग एक दिवस सकाळी बघावं तर शेंडे गायब, गुलाबाची नुसती काडी उभी, आणि घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं की कोणतं औषध मारावं आता.

औषधाचं सांगतो पण ते बरंच नंतर, कारण हा विषय औषधापासून सुरू केला की पैसे जातात आणि झाडं पण जातात. आधी कोण खातंय ते बघायचं, मग ते आपल्याकडंच का येतंय ते समजून घ्यायचं, आणि मग अख्ख्या वावराला कुंपण घालायच्या मागं न लागता ज्या झाडात आपला जीव आहे त्या झाडाला कुंपण घालायचं. हे शेवटचं मी कुणालाही ठासून सांगतो. वावराचं कुंपण चांगलंच, पण ते परवडेपर्यंत झाड मरतं.

तर कोण खातंय. हरीण, काळवीट, चिंकारा, रोही म्हणजे नीलगाय, शेळी, मेंढी, गाय ही सगळी रवंथ करणारी जनावरं आणि यांच्यात एक गोष्ट सारखी आहे, वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालचे दात आणि वरची टणक हिरडी यांच्यात फांदी धरायची आणि हिसका मारून तोडायची. म्हणून यांनी खाल्लेल्या काडीचं टोक कधीच साफ कापलेलं नसतं, ते फाटलेलं, तंतू लोंबणारं, कधी साल खालपर्यंत सोललेलं असतं. ससा असेल तर उलटं, त्याला वर-खाली दोन्हीकडं धारदार दात, त्यामुळं काडी तिरपी आणि ब्लेडनं कापल्यासारखी दिसते आणि जमिनीपासून फूट-दीड फुटाच्या आतच असते. रानडुक्कर शेंडा खात बसत नाही, ते बुडात उकरतं, माती उलथून टाकतं. वानरं फांद्या मोडतात, पानं खाली टाकतात, अर्धवट खाल्लेली फळं पडलेली असतात.

आता यात गोम अशी आहे की शेळीनं खाल्लेली काडी आणि हरणानं खाल्लेली काडी सारखीच दिसते. म्हणजे गावालगतच्या बागेत हरणाच्या नावानं जे खपतं त्यातलं थोडंफार शेजारच्या शेळ्यांचं काम असू शकतं, म्हणून खुरांचे ठसे आणि लेंड्या बघितल्याशिवाय कुणावर आळ घेऊ नका, ना हरणावर ना शेजाऱ्यावर. ठसा बघायला सोपा उपाय म्हणजे झाडाभोवती संध्याकाळी माती भुसभुशीत करून हातानं सारखी करून ठेवायची, सकाळी कोण आलं ते मातीच सांगते. रोहीचा खूर मोठा, जवळपास गाईच्या कालवडीएवढा, आणि रोह्यांना एकाच जागी लेंड्या टाकायची सवय असते त्यामुळं धुऱ्यावर कुठंतरी मोठा ढीगच सापडतो. काळविटाचा खूर लहान, निमुळता आणि टोकदार.

आपल्याकडं बीड, धाराशिव, लातूर, परभणी, जालना या उघड्या माळाच्या पट्ट्यात हरीण म्हणून जे कळपानं येतं ते बहुतेक काळवीटच, नर वरून काळा आणि पिळदार शिंगांचा, माद्या अन् पिल्लं बदामी. चिंकारा त्याहून लहान, डोंगरकाठाला, एकटंदुकटं नाहीतर दोन-चारच्या टोळीत. ठिपक्यांचं चितळ बघायचं तर किनवट-माहूरकडं, पैनगंगेच्या जंगलाच्या बाजूला जावं लागतं. रोही मात्र आता सगळीकडंच आहे. हे फरक एवढ्यासाठी सांगतोय की उपाय उंचीवर ठरतो. काळवीट खांद्याला अडीच-पावणेतीन फूट, मान वर करून चार फुटापर्यंतचं खातं. रोहीचा नर खांद्यालाच चार-साडेचार फूट, वजन दोनशे किलोच्या वर जाऊ शकतं, आणि मान ताणली की सहा-सात फुटावरचा शेंडा पण त्याच्या तोंडात. काळविटासाठी केलेला पाच फुटी गार्ड रोहीला ताटाच्या काठासारखा वाटणार, वरून आरामात खातं ते.

वागणं पण वेगळं आहे. काळवीट हे मोकळ्या मैदानाचं जनावर. त्याचा सगळा भरवसा डोळ्यांवर आणि पळण्यावर, लांडगा लांबून दिसला पाहिजे आणि पळायला समोर मोकळं रान पाहिजे. त्यामुळं अरुंद, बंदिस्त, झुडपानं वेढलेल्या जागेत शिरायला ते कचरतं. रोही तसं नाही, ते झुडपात पण राहतं, तुरीत पण लपतं, आणि माणसाची सवय झाली की रात्री थेट घरामागच्या परसात येतं.

ते आपल्याकडंच का येतंय याचं अर्धं उत्तर वर दिलंच, पाणी आणि हिरवळ. उरलेलं उत्तर नर्सरीत आहे. नर्सरीतून आणलेलं रोप भरपूर पाण्यावर, खतावर, सावलीत वाढलेलं असतं. त्याचं पान मऊ, रसाळ, नत्र भरपूर, धागा कमी. रानातल्या त्याच जातीच्या झाडाचं पान उन्हानं चिवट झालेलं असतं. जनावराला हा फरक पहिल्या घासात कळतो. म्हणूनच लावल्यावर पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात, आणि म्हणूनच लावल्या लावल्या युरियाचा डोस देऊन लुसलुशीत फूट काढायची घाई अशा भागात करू नये. शेणखत, गांडूळखत द्या, झाड जरा सावकाश वाढू द्या.

गायरानं आणि माळरानं कमी झाली, नांगरली गेली, प्लॉट पडले हे पण यात आहेच. काळवीट मुळात गवत खाणारं. गवत असेल तोवर ते तुमच्या जास्वंदीकडं फार बघत नाही. मला या जनावरांचा राग येत नाही तो यामुळंच, पण दोन वर्षं पाणी घालून वाढवलेलं मोसंबीचं कलम एका रात्रीत खुंट झालेलं बघितल्यावर पोटात काय कालवतं ते पण मला कळतं, म्हणून दोन्ही बाजू धरूनच लिहितोय.

आता झाडाचं कुंपण. सगळ्यात स्वस्त आणि अजूनही सगळ्यात कामाचं म्हणजे काट्या. बाभळीच्या नाहीतर बोरीच्या काट्या झाडाभोवती गोल रोवायच्या, पण खोडाला चिकटून नाही. इथंच गडबड होते, लोक काट्या खोडाला लागून बांधतात आणि फांदी बाहेर आली की जनावर बाहेरूनच खातं. खोडापासून चहूबाजूनं दोन-अडीच फूट अंतर सोडा. काळविटासाठी पाच फूट उंची ठेवा, रोही असेल तर सहा-सात फूट, आणि काट्या वरून जराशा बाहेर झुकलेल्या असू द्या. काट्या वर्षभरात वाळवी लागून बसतात, पावसाळ्यानंतर बदलाव्या लागतात. जाळी परवडत असेल तर वेल्डमेशचा गोल करून तीन बाजूंनी बांबू नाहीतर लोखंडी अँगल ठोकायचे. जाळी खालून जमिनीला टेकलेली आणि तारेच्या हुकानं घट्ट धरलेली पाहिजे, नाहीतर नाकानं उचलून आत तोंड घालतात.

एक विनंती, ढिली नायलॉनची जाळी, मासे धरायची जुनी जाळी असलं काही लावू नका. काळविटाची शिंगं पिळाची असतात, ती अशा जाळीत अडकली की जनावर झटापट करून करून मरतं, सुटता येत नाही त्याला. जाळी लावायची तर ताणून, कडक.

खोडाला पण संरक्षण लागतं, नुसत्या शेंड्याला नाही. नर हद्द दाखवायला झाडाला शिंगं घासतात, काळविटाच्या नराच्या डोळ्याच्या पुढं एक ग्रंथी असते तिचा वास तो काड्यांना लावत फिरतो. चितळासारख्या हरणाची शिंगं दरवर्षी गळून नवी येतात आणि त्यावरची मखमल काढायला ते खोडावर घासतं, साल निघते. साल पूर्ण गोल निघाली तर झाड गेलंच समजा, कारण पानात तयार झालेलं अन्न मुळाकडं सालीतूनच उतरतं. त्यासाठी बुडाला चिरलेला पीव्हीसी पाइप ढिला बसवा, हवा खेळती राहील असा.

किती दिवस हे सगळं? मुख्य शेंडा जनावराच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत. आंबा, चिंच, जांभूळ यांना साधारण तीन-चार वर्षं, शेवग्याला वर्ष पण पुष्कळ होतं. गुलाब, जास्वंद, मोगरा हे कायम तोंडाच्या उंचीतच राहणार, त्यामुळं ते घराजवळ, ओट्यालगत, जिथं माणसाचा वावर आणि उजेड आहे तिथं लावायचे आणि लांबच्या कडेला जनावर खात नाही ती झाडं. एवढी जागांची अदलाबदल केली तरी अर्धं काम होतं, पैसा एक लागत नाही.

तर खात नाही ती झाडं कोणती. यातलं बरंच शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला विचारलं तरी कळतं. कण्हेर, रुई, धोतरा, मोगली एरंड यांच्यात विष. शेराला चीक, आणि तो चीक माणसाच्या डोळ्यात गेला तर फार वाईट, कुंपण छाटताना सांभाळा. निर्गुडी, अडुळसा, तुळस, गवती चहा यांचा वास नाहीतर कडवटपणा. घायपात, निवडुंग, करवंद, सागरगोटा, चिलार यांना काटे. आणि सीताफळ! बीडचं सीताफळ आपण कौतुकानं सांगतो, २०१६ साली त्याला जीआय म्हणजे भौगोलिक ओळखीचं मानांकन पण मिळालं, पण बालाघाटाच्या मुरमाड डोंगरावर ते एवढं पसरलं त्याचं एक कारण हेच की त्याच्या पानाला शेळी पण सहसा तोंड लावत नाही. धुऱ्यावर काय लावू म्हणून कुणी विचारलं तर मी पहिलं नाव सीताफळाचं घेतो, राखण नको आणि वर दसरा-दिवाळीला टोपलीभर फळं. कडुनिंबाबद्दल मात्र लोकांचा गैरसमज आहे, कडू म्हणून खाणार नाही असं वाटतं, पण दुष्काळात शेळ्यांना लिंबाचा पाला आपणच तोडून घालतो आणि त्या आवडीनं खातात, तेव्हा नुसत्या लिंबाच्या अर्काच्या भरवशावर राहू नका.

एक लक्षात घ्या, खात नाही म्हणजे कधीच खात नाही असं नसतं. उपाशी जनावर मे महिन्यात बोगनवेलीचे कोवळे शेंडे पण खातं.

जिवंत कुंपणात आपल्या मराठवाड्याची खास गोष्ट म्हणजे करडई. ज्वारी, हरभऱ्याच्या कडेनं करडईचे काकर टाकायची पद्धत जुनी आहे, तिच्या पानांना आणि बोंडांना काटे, जनावर पाय घालायला नको म्हणतं. पण दोन गोष्टी. एक, करडई कोवळी असताना तिला काटे नसतात, तेव्हा तर आपण पण तिची भाजी करून खातो, म्हणजे पहिला महिना-दीड महिना ती कुंपण नाहीच, उलट चारा आहे. दुसरी, आता बिनकाट्याचे वाण पण आलेत काढणीला सोपे म्हणून. राखणीसाठी लावायची तर बियाणं घेताना काटेरी वाण आहे का ते विचारून घ्या, परभणीच्या कृषी विद्यापीठानं करडईवर बरंच काम केलंय, तिथं नीट माहिती मिळते. आणि नुसती एक ओळ टाकून उपयोग नाही, चार-पाच ओळींचा दाट पट्टा पाहिजे.

आता वावराच्या नाहीतर बागेच्या कुंपणाकडं येऊ. ही जनावरं कुंपणाशी कशी वागतात ते कळलं की खर्च वाचतो. पहिलं, ती उडी मारू शकतात म्हणून लगेच मारत नाहीत. आधी खालून घुसता येतं का बघतात, मग मधून, आणि मग वरून. त्यामुळं सहा फुटी कुंपणाला खाली फूटभर फट असेल तर ते सहा फूट फुकट गेले. दुसरं, पलीकडं काय आहे ते दिसत नसेल तर उडी टाकायला कचरतात, कारण उतरायचं कुठं ते कळत नाही. म्हणूनच चार फुटी शेडनेट कधी कधी पाच फुटी तारेपेक्षा जास्त काम करतं. तिसरं, त्यांना उंच उडी जमते, लांब उडी जमते, पण एकाच वेळी उंच आणि रुंद अवघड जातं. म्हणून एक उंच कुंपण घालण्यापेक्षा तीन-साडेतीन फुटाची दोन कुंपणं एकमेकांपासून तीन-चार फुटावर घातली तर ती मधल्या पट्टीत उतरायला घाबरतात. मधल्या पट्टीत गवती चहा, निर्गुडी लावा. छोट्या परसबागेला हा उपाय फार चांगला, आणि बाग दोन-तीन तुकड्यात वाटली, मधे अरुंद वाट ठेवली तर काळवीट त्यात शिरतच नाही सहसा.

साड्यांचं याच तत्त्वावर चालतं. आपल्या भागात रस्त्यानं जाताना तुरीच्या, हरभऱ्याच्या कडेनं रंगीबेरंगी जुन्या साड्या बांधलेल्या दिसतात. लोकांना वाटतं लाल साडीला जनावर घाबरतं. तसं नाही, या खुरवाल्या जनावरांना लाल रंग आपल्यासारखा दिसतच नाही, त्यांना निळा आणि पिवळट हिरवा एवढाच भेद नीट कळतो. लाल त्यांना मळकट दिसतो. काम करतं ते दोन गोष्टींमुळं, पलीकडचं दिसत नाही आणि वाऱ्यानं हलतं. मग निळी, पांढरी साडी जास्त बरी. बांधताना खालची किनार जमिनीला टेकेल अशी बांधा, वरून झोळ सोडू नका. आणि चार-सहा आठवड्यांनी जागा बदला, मधे पट्ट्या सोडा, काहीतरी वेगळं दिसलं पाहिजे. उन्हानं नायलॉनच्या साड्या विरून धागे सुटतात, ते गुरांच्या पोटात जातात, त्यामुळं हंगाम संपला की सोडून घरी आणा, तशाच लोंबत ठेवू नका.

झटका मशीन, म्हणजे सौर कुंपण. याच्याबद्दल फार विचारतात. या मशीनमधून तारेत सलग करंट नसतो. साधारण सेकंदाला एकदा, तो पण सेकंदाच्या अगदी बारीक भागापुरता, काही हजार व्होल्टचा ठोका सुटतो. व्होल्टेज जास्त पण ऊर्जा फारच कमी आणि वेळ नाहीच, त्यामुळं जोराचा झटका बसतो, दुखतं, पण स्नायू धरून राहत नाहीत आणि जनावर मागं सरकतं. एकदा नाकाला बसला की ती तार त्याच्या लक्षात राहते. नाकाला म्हणतोय कारण केसावरून झटका नीट लागत नाही, ओल्या नाकाला लागतो, म्हणून एक तार नाकाच्या उंचीवर पाहिजेच, काळविटासाठी दोन फुटाच्या आसपास, रोहीसाठी साडेतीन-चार, शिवाय खाली एक फुटावर आणि मधे.

मशीन बसवून पण झटका लागत नाही अशी तक्रार आपल्याकडं उन्हाळ्यात हमखास येते, त्याचं कारण जमीन. झटक्याचा फेरा पूर्ण व्हायला मशीनमधून तारेत, तारेतून जनावरात, जनावराच्या पायातून जमिनीत आणि जमिनीतून अर्थिंगच्या सळईत असा प्रवाह फिरावा लागतो. एप्रिल-मेमध्ये काळी जमीन भेगाळलेली, मुरूम तर दगडासारखा कोरडा, त्यातून प्रवाह जातच नाही. मग दोन-तीन सळया खोल ठोकायच्या, एकमेकांपासून काही फूट अंतरावर, आणि त्यांच्या बुडाला पाणी टाकत राहायचं. त्यानं पण भागत नसेल तर तारा आलटून पालटून जोडायच्या, एक झटक्याची, एक अर्थिंगची, म्हणजे दोन तारांना एकदम अंग लागलं की जमीन कोरडी असली तरी झटका बसतो. पावसाळ्यात त्रास उलटा, गवत वाढून तारेला लागतं आणि झटका गवतातूनच जमिनीत उतरून जातो, म्हणून तारेखालचं गवत काढत राहायला लागतं. बॅटरीचं पाणी, पॅनलवरची धूळ, हे बघायला माणूस नसेल तर हे मशीन घेऊ नका, पैसे पाण्यात जातील.

आणि इथं मी हात जोडून सांगतो, लाइनवरचा करंट तारेत सोडू नका. मोटारीच्या स्टार्टरवरून वायर ओढून तारेला लावणारे लोक आहेत अजून. त्या २३० व्होल्टात ठोका नसतो, सलग प्रवाह असतो, हात चिकटतो, सुटत नाही. रात्री पाणी द्यायला गेलेला शेजारी, बांधावरून जाणारं पोरगं, आपलाच बैल, असे जीव गेलेत. काळवीट आणि चिंकारा हे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. त्यांची शिकार केली तर तीन ते सात वर्षं कैद आहे, आणि करंट लावून मारणं हे शिकारीतच येतं. माणूस गेला तर गुन्हा वेगळाच. फास, विष, सुतळी बॉम्ब भरलेलं फळ, हे पण त्यातच.

आता औषधं, म्हणजे वासाचे उपाय. यातला त्यातल्या त्यात भरवशाचा उपाय अंड्याचा आहे. सडलेल्या अंड्यातून गंधकाचा वास सुटतो, प्राणी सडल्याचा, मांस खाणाऱ्याच्या वाटेचा वास, आणि गवत खाणारी जनावरं त्यापासून लांब राहतात. एक लिटर पाण्याला तीन-चार अंडी फेटायची, पातळ फडक्यातून गाळायची नाहीतर पंपाचं नोझल बंद पडतं, एक दिवस झाकून ठेवायचं आणि संध्याकाळी पानांवर, शेंड्यांवर फवारायचं. वाळल्यावर आपल्याला वास जाणवत नाही, त्यांना जाणवतो. पण पाऊस पडला की परत, आणि नवी फूट आली की परत, कारण नव्या पानावर औषध नसतंच आणि खायचं तेच असतं. पालेभाजीवर, खायच्या फळावर मारू नका. अंडं ज्यांना चालत नाही त्यांनी शेण-गोमूत्र आंबवून त्याचं पाणी, लसूण-मिरचीचा अर्क वापरून बघावा, थोडे दिवस चालतो. न्हाव्याकडचे केस, साबणाच्या वड्या हे पण लोक टांगतात, नवं असताना फरक दिसतो, मग कमी होत जातो.

सगळ्या वासांचं असंच असतं, भूक जेवढी मोठी तेवढा वास लहान. ऑक्टोबरात रान भरलेलं असताना जो वास त्यांना परतवतो तोच मे महिन्यात परतवत नाही. म्हणून वास हा जोडीचा उपाय, एकट्याचा नाही.

फोरेट या कीटकनाशकाच्या पुड्या टांगायची सवय मात्र सोडा. ते अतिशय जहाल विष आहे, ३१ डिसेंबर २०२० पासून त्याची विक्री, वापर देशात बंद आहे, आणि पुडी फुटून पाण्यात गेली, कोंबडीनं खाल्ली, पोराच्या हाताला लागली तर काय होईल याचा विचारच नको.

आवाजाच्या उपायांवर मी फार वेळ घालवत नाही. कुत्र्याच्या भुंकण्याचं रेकॉर्डिंग, डबा वाजवणारं पंख्याचं यंत्र, फिरता लाइट, बुजगावणं, सगळं काही दिवस चालतं आणि मग जनावर शिकतं की यातून काहीच होत नाही. वापरायचं तर पीक नेमकं ऐन मोक्यावर असेल त्या पंधरा-वीस दिवसांसाठी ठेवून वापरा, रोज जागा बदला, मधेच माणूस खरोखर जागलीला जाऊ द्या म्हणजे आवाजाला किंमत राहते. कार्बाइड टाकून वाजवायची पाइपची बंदूक तर नकोच, डोळे गेलेत त्यानं पोरांचे. बाहेरच्या देशात जनावर आलं की आपोआप पाण्याचा फवारा मारणारं यंत्र लावतात म्हणे, आपल्याकडं टँकरवर दिवस काढणाऱ्या गावात ते कोण लावणार. कुत्रं पाळलं तर बरं, पण बांधलेलं, भुंकण्यापुरतं. मोकळी कुत्री टोळी करून पाडसं फाडतात.

पाडसावरून आठवलं, तुरीत नाहीतर गवतात एकटं पाडस दिसलं तर उचलून घरी आणू नका. आई त्याला मुद्दाम दडवून चरायला जाते आणि येऊन पाजते, ते अनाथ नसतं. जखमी असेल, विहिरीत पडलं असेल तर वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन आहे तिला फोन करा. आणि आपल्या बिनकठड्याच्या विहिरीला काहीतरी आडोसा करा, रात्री कुत्र्यांनी हाकललेले कळप सरळ आत जातात.

नुकसान मोठं असेल तर भरपाई मिळते, बऱ्याच जणांना वाटतं ती फक्त वाघ-बिबट्यानं जनावर मारल्यावर. तसं नाही, हरीण, रोही, रानडुक्कर, वानर यांनी पीक खाल्लं तरी राज्य सरकारच्या नियमात भरपाई आहे, फळझाडांची पण आहे, झाडामागं हिशोब असतो. अट एवढीच की नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत वनरक्षक, वनपाल नाहीतर वनपरिक्षेत्र कार्यालयात तक्रार गेली पाहिजे, मग वनविभाग, कृषी आणि महसूलची माणसं येऊन पंचनामा करतात. त्यांच्या येण्याआधी खाल्लेलं झाड छाटू नका, खुरांचे ठसे झाकून ठेवा, मोबाइलवर तारखेसकट फोटो काढा, सातबारावर त्या झाडांची नोंद आहे का ते तलाठ्याकडं आधीच बघून घ्या. बऱ्याच फायली या नोंदीपायीच अडतात. सौर कुंपणाला अनुदान आपल्या गावाला लागू आहे का ते पण तिथंच विचारा, सगळ्या गावांना नसतं.

पंचनामा झाला की मग झाडाकडं बघायचं, आणि खुंट झालेलं झाड लगेच उपटून टाकू नका. फाटलेलं टोक धारदार सिकेटरनं, म्हणजे छाटणीच्या कात्रीनं, जिवंत डोळ्याच्या जरा वर तिरपं कापा, फाटलेल्या जागेतून बुरशी आत जाते. साल सोललेली असेल तर बोर्डो पेस्ट लावा, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, घरच्या चार झाडांना याच्या प्रमाणात थोडीशीच करा. पाणी नेहमीसारखं द्या, युरिया नको, आणि गार्ड आजच लावा, कारण जिथं एकदा मिळालं तिथं ते परत येतं. तीन-चार आठवड्यात डोळे फुटतात. मोसंबीच्या, आंब्याच्या कलमाला मात्र फूट नेमकी कुठून येतेय ते बघा. कलमाच्या जोडाच्या वरून आली तर झाड वाचलं, त्यातली एक जोमदार सरळ फूट ठेवून बाकीच्या काढा. जोडाच्या खालून आली तर ती खुंटाची, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधलं त्याची, मोसंबी असेल तर जंबेरीची नाहीतर रंगपूरची, ती जोरात वाढते, हिरवीगार दिसते आणि आपण खूश होऊन तिलाच पाणी घालत बसतो. ती खालून साफ काढायची, आणि जोडाच्या वर काहीच जिवंत नसेल तर त्याच खुंटाची फूट पेन्सिलीएवढी झाली की नर्सरीवाल्याला बोलवून तिच्यावर परत डोळा भरून, म्हणजे कलम करून घ्यायचं. मुळं खाली तयार असतात, नव्या रोपापेक्षा ते झाड लवकर वर येतं.